समोरच्याची दाद

१

वहिनींचं मनगट मोडलं ते क्रीमवरून घसरून, आणि ते क्रीमही त्यांनीच सांडलेलं. म्हणजे कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नाही.

बेकरीत केकवर नावं लिहायचं काम त्यांचं. दवाखान्यात मनगटात पट्टी बसली, स्क्रू पिळले गेले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता मजेत राहा. चमचा धरा, वेणी घाला, भाजीची पिशवी उचला."

"आणि क्यू?" वहिनींनी विचारलं.

क्यू म्हणजे पूल खेळायची काठी. हिरव्या कापडाचं टेबल, त्या काठीनं पांढऱ्या बॉलला ढोसायचं, आणि त्यानं जाऊन दुसऱ्या बॉलला टेबलाच्या कडेच्या भोकात, म्हणजे पॉकेटात, घालायचं. सांगायला एवढंच, खेळायला जन्म पुरत नाही. डॉक्टरांनी मान हलवली. त्या खेळात मनगट झुलावं लागतं, आणि हे आता झुलणार नव्हतं.

वहिनी घरी येऊन ढसाढसा रडल्या. नवऱ्याला वाटलं दुखतंय, त्या बिचाऱ्यानं गोळी आणून दिली. दुखत होतं ते निराळंच. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा वहिनी कुणाशी धड बोलायच्याही नाहीत. धाकट्या नणंदेनं, चिमीनं, एका दुपारी त्यांचा हात धरला, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नेलं आणि हातात क्यू दिला. तेव्हापासून या दोघी जोडीनं खेळत आल्या. हॉलमधले सगळे चिमीचं ऐकून त्यांना वहिनीच म्हणायला लागले, अगदी त्यांच्या वडिलांच्या वयाचे, हॉल सांभाळणारे मार्करसुद्धा. चिमी आता पंचेचाळिशीची झाली, शहर बस चालवते, हॉर्नपेक्षा तिचा आवाज मोठा आहे, पण घरात आणि हॉलमध्ये ती अजून चिमीच.

ती दुसऱ्या दिवशी आली, प्लास्टरवर स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "जोड्यांची स्पर्धा आहे. नाव दिलंय आपलं."

"अगं, वेडी का तू? या हातानं?"

"दुसरा आहे ना? देवानं काय शोभेला दिलाय? तू नाही तर मी नाही. मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळणार नाही, आधीच सांगून ठेवते."

चिमीनं हे हसत हसत सांगितलं, पण वहिनींना ते हसण्यावारी नेता येईना. कारण चिमी बोलली की करते. आपण उभ्या राहिलो नाही तर ती खरंच क्यू खाली ठेवणार. आणि हॉल सुटला की मग आपलं दोघींचं काय उरणार? सणासमारंभाला भेटायचं आणि "बरी आहेस ना" विचारायचं?

वहिनींनी त्याच रात्री डाव्या हातानं दात घासायला सुरुवात केली.

२

डाव्या हातानं पूल शिकणं म्हणजे घरातलं सगळं सामान उलट्या बाजूला लावून आंधळी कोशिंबीर खेळणं. पाय उलटे, खांदा उलटा, नजर उलटी. प्लास्टर निघालेला उजवा हात आता नुसता टेबलावर टेकायचा, त्यावरून क्यू सरकवायचा, आणि मारायचं डाव्यानं. डाव्याला तर मारणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. बापडा आजवर पोळपाट धरत आलेला.

हॉल संध्याकाळी उघडायचा. दुपारी मार्कर जेवायला घरी जात आणि जाताना किल्ली वहिनींच्या हातात देत. मार्कर म्हणजे टेबलं झाडणारे, बॉल पुसणारे, गुण मांडणारे गृहस्थ. "दिवा फोडू नका म्हणजे मिळवलं," एवढंच ते म्हणाले. वहिनींनी दिवा फोडला नाही, पण पहिल्याच आठवड्यात एक बॉल खिडकीतून खाली गेला. टायरवाला तो घेऊन वर आला आणि म्हणाला, "वहिनी, हवा भरायची होती का यात?"

त्यांनी मनावर घेतलं नाही. रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि क्यूचं टोक तिच्या गळ्यात घालून मागेपुढे करत राहायचं, काचेला लागू द्यायचं नाही. किणकिण झाली की चुकलं. आधी सगळी दुपार किणकिणच. मग हळूहळू किणकिण कमी झाली. बेकरीतही त्या डाव्यानं नावं लिहायला लागल्या. एका केकवरचं नाव इतकं वाकडं झालं की वाढदिवसवाल्या आजोबांनी हेच आपलं खरं वळण म्हणून कौतुक केलं.

आणि एका दुपारी शॉट बसला.

बसला म्हणजे काय, तर वहिनींना क्यू जाणवलाच नाही. पांढरा बॉल सरळ गेला, लाल पॉकेटात पडला, आणि पांढरा जिथे थांबायला हवा तिथे येऊन उभा राहिला. वहिनी वाकल्या होत्या तशाच राहिल्या. मग मागे, भिंतीपाशी, ठक् ठक् झालं.

पूलमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. शॉट आवडला की क्यूचं जाड टोक जमिनीवर दोनदा हळूच आपटायचं, हीच दाद. वहिनींनी हसत मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं मार्कर लवकर आले.

भिंतीपाशी दोन खुर्च्या होत्या, खेळाडूंनी बसायच्या. एक लाकडी, वहिनी कायम तिच्यावर बसत. दुसरी जुनी रेग्झीनची. दोन्ही रिकाम्या होत्या.

खालचं टायरचं दुकान, वहिनी मनात म्हणाल्या. हातोडा मारला असेल. त्यांनी खिडकीतून खाली डोकावलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि टायरवाला टायरांच्या राशीवर तोंड उघडं टाकून झोपला होता.

३

वहिनी काही भित्र्या नव्हत्या. घरात पाल निघाली तर नवरा पलंगावर चढतो आणि वहिनी केरसुणी घेतात. त्यामुळे त्यांनी हे प्रकरण नीट तपासून पाहायचं ठरवलं.

मुद्दाम आडवातिडवा फटका मारला. बॉल चार ठिकाणी आपटून योगायोगानं पॉकेटात गेला. मागे शांतता. दुसऱ्यांदा एक अवघड शॉट घेतला, बॉल पॉकेटाच्या ओठावरून परत फिरला, पण मारला होता अगदी स्वच्छ. ठक्. एकदाच, अर्धी दाद दिल्यासारखं. मग उजव्या हातानं, कळ सोसून, जुन्या सवयीचा एक सोपा बॉल घातला. काही नाही. डाव्यानं तोच घातला. ठक् ठक्.

म्हणजे पाण्याच्या पाइपाचा आवाज नव्हे हे नक्की. पाइपाला पूलमधलं इतकं कळत नाही.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर वहिनींना आनंद झाला. इतके दिवस सगळे त्यांना "वा वा, छान चाललंय" म्हणत होते, लहान मुलीला म्हणतात तसं. हे जे कोण होतं ते उगाच काही म्हणत नव्हतं. शॉट भिकार असला तर गप्प. चांगला असला तरच ठक् ठक्. अशा कौतुकाची चटक लागते. वहिनी दुपारची वाट बघायला लागल्या. पोळ्या लाटताना गुणगुणायला लागल्या. नवऱ्यानं एकदा विचारलंच, "काय गं, स्वारी खुशीत? लॉटरी लागली का?"

"डावा हात बसायला लागलाय," वहिनी म्हणाल्या. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

एकच गोष्ट खटकायची. ती रेग्झीनची खुर्ची.

तिच्यावरून माणूस उठलं की रेग्झीन चर्र करून सुटायचं, आणि बसलं की आतली हवा फुस्स करून निघायची. हॉलमधल्या सगळ्यांना ते आवाज पाठ होते. वहिनींचा शॉट चुकला की मागून चर्र व्हायचं. त्या पुढचा बॉल मारायला वाकल्या की थोड्या वेळानं फुस्स. चुकलं, चर्र. वाकल्या, फुस्स. दर वेळी.

उन्हानं रेग्झीन ताणत असेल, वहिनींनी स्वतःला समजावलं. मात्र खुर्ची सावलीत होती, आणि ऊन काही वहिनींचा नेम चुकायची वाट बघत नाही. तो विचार त्यांनी पुढे नेला नाही. हात छान चालला होता, उगाच कशाला?

४

चिमीला एका दुपारी सुट्टी मिळाली. ती धाडधाड जिना चढून आली, बाकावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "हं, दाखव."

वहिनींनी दाखवलं. पहिला बॉल, दुसरा, आणि तिसरा तर टेबलाच्या रबरी कडेला, कुशनला, लावून लांबच्या कोपऱ्यात. चिमीचा आ वासलेला. वहिनी कान देऊन उभ्या होत्या. मागून काहीच आवाज नाही. आज चिमी आलीय म्हणून असेल. पण मग चिमीनं तरी दाद द्यावी की?

"अगं, ठोक की!" वहिनी लाडानं म्हणाल्या. "एवढा शॉट मारला, दोनदा ठोकायला काय जातं तुझं?"

चिमी खो खो हसली. "वहिनी, हात मोडला की डोकं? पार्टनर कधी ठोकतो का? मी तुझ्या बाजूची. मी ओरडेन, मिठी मारेन. ठोकायचं समोरच्यानं. जो तुझ्याविरुद्ध खेळतोय, त्यानं."

हे काय वहिनींना माहीत नव्हतं? एवढी वर्षं तसंच वागल्या होत्या. पण पाळलेली रीत कुणी मनात शब्दांत म्हणून ठेवत नाही. आता चिमीनं ती म्हटली आणि वहिनींच्या मानेवर काटा आला.

त्या गडबडीत पुढचा बॉल चुकला आणि त्या लगेच त्याच्या पुढच्यासाठी वाकल्या.

"बघ! बघ!" चिमी ओरडली. "एकटी खेळून खेळून बिघडलीस. चुकलं की टेबल सोडायचं, खुर्चीत जाऊन बसायचं. समोरचा बिचारा उठून उभा राहील, आणि तू आपली खुशाल पुढचा शॉट लावशील. त्यानं काय करायचं? परत जाऊन बसायचं?"

वहिनी क्यू धरून तशाच उभ्या राहिल्या. चर्र. फुस्स. चर्र. फुस्स. इतके दिवस, रोज दुपारी, कुणीतरी आपला टर्न आला म्हणून उठत होतं, आणि त्यांची पाठ बघून परत बसत होतं.

"तोंड का उतरलं गं?" चिमीनं विचारलं. "मी रागावले नाही काही. गंमत केली."

भीती नंतर वाटली. आधी वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शी! केवढा हा उर्मटपणा! समोरच्यानं आपल्याला दाद द्यायची, आणि आपण त्याला एकदाही खेळू द्यायचं नाही.

५

मग मात्र भीतीनं गाठलंच. वहिनींनी हॉलवर जाणं बंद केलं. कोण आहे, कशासाठी आहे, काही काही माहीत नाही, आणि इतके दिवस आपण त्याच्याकडे पाठ करून वाकत होतो. भांडी घासताना त्या मध्येच वळून बघायच्या. नवरा म्हणाला, "अगं, मीच आहे."

हात थोड्याच दिवसांत विसरायला लागला. घरी बाटली मांडली तर पुन्हा किणकिण. दरम्यान चिमीनं डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की या वर्षी दातवाले डॉक्टर आणि त्यांचे साडू यांचं काही खरं नाही. दरवर्षी स्पर्धा हेच दोघे जिंकत, आणि जिंकल्यावर इतकं गोड बोलत की हरणाऱ्याचे दात दुखावेत. चिमी रोज फोन करायची. "वहिनी, किती बॉल घातलेस आज?" आणि वहिनी थापा मारायच्या.

एका फोननंतर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. एकीकडे ती खुर्ची. दुसरीकडे चिमी, जी आपल्यासाठी क्यू खाली ठेवायला तयार आहे. त्यांना दोन्हीची भीती वाटत होती, पण चिमी जाण्याची जास्त वाटत होती. तेव्हा एकच मार्ग होता, आणि तो चारचौघांसारखाच होता. ज्याचा टर्न आहे त्याला तो द्यायचा.

६

दुपार लख्ख होती. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलेलं. वहिनींनी बॉल मांडले, ब्रेकच्या म्हणजे पहिल्या फटक्यानं फोडले, आणि कुणी बघत असल्यासारख्या नीट खेळायला लागल्या. दोन बॉल घातले. ठक् ठक् झालं. दादही रुसल्यासारखी नव्हती. तिसरा बॉल चुकला.

चर्र.

वहिनी टेबलापासून दूर झाल्या. लाकडी खुर्चीत बसल्या, क्यू मांडीवर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "खेळा."

आवाज असा निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

बराच वेळ काही झालं नाही. पंखा फिरत होता. भिंतीवरच्या रॅकमधले क्यू जागच्या जागी होते. मग क्यूच्या टोकाला खडू घासल्याचा आवाज आला, शांत, सावकाश. खडू मात्र टेबलाच्या कडेवर होता तिथेच होता.

आणि कापड दबलं.

हात टेकला की कापडावर बोटांचे खळगे पडतात, ते पडले. एक, मग शेजारी दुसरा, कणकेत बोट रुतावं तसे अलगद. वहिनी बघत होत्या. अंगठा डावीकडे. म्हणजे टेकलेला हात उजवा, मारणार डाव्यानं. पण बोटांचे ते चर कापडावर पुढे पुढे येत राहिले. माणसाची बोटं जिथे संपतात तिथून पुढे. पार टेबलाच्या मध्यापर्यंत जाऊन मग ते थांबले.

वहिनींना वाटलं, उठून पळावं, पण समोरचा खेळत असताना उठायचं नसतं, आणि त्या बसून राहिल्या.

पांढरा बॉल सुटला. समोर इतका सोपा बॉल होता की टायरवाल्यानं झोपेत घातला असता. पांढरा त्याच्या बाजूनं गेला, त्याला शिवलासुद्धा नाही, कुशनला आपटला आणि ओशाळून मध्येच थांबला.

वहिनींनी त्या खळग्यांकडे पुन्हा पाहिलं. अंगठा सपाट पडला होता. तो वर उचलायचा असतो, त्याच्या खाचेतून क्यू सरकतो. हीच चूक पहिल्या दिवसांत वहिनींची होती. समोर जे कोण होतं ते त्यांच्याकडूनच शिकलं होतं, त्यांच्या चुकांसकट.

आणि वहिनींना हसू फुटलं. थांबवता थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, अंगठा!" त्या म्हणाल्या. "अंगठा वर घ्या. मलाही जमायचं नाही ते."

कापडावरचा तो अंगठ्याचा खळगा हळूच भरून आला.

फुस्स. वहिनींचा टर्न होता.

७

पुढचे दिवस मजेचे गेले, असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण गेले. वहिनी खेळायच्या, चुकल्या की बसायच्या. मग खडूचा आवाज, ते खळगे, आणि एक शॉट. त्या खळग्यांकडे मात्र त्या शेवटपर्यंत बघायच्या नाहीत, मधूनच खिडकीबाहेर नजर न्यायच्या. एवढं सोडलं तर समोरचं माणूस सोन्यासारखं होतं. कधी घाई नाही, कधी कुरकुर नाही. आणि भराभर शिकत होतं. पहिला चांगला शॉट बसला तेव्हा वहिनींनी रीतीप्रमाणे क्यू आपटला, ठक् ठक्. खोलीत कुणीतरी खूश झाल्याचं त्यांना जाणवलं. कसं ते विचारू नका.

चूक झाली ती पुढे. स्पर्धा जोड्यांची होती. जोडीत एक शॉट एकीचा, पुढचा दुसरीचा, बॉल मात्र दोघींचे तेच. या खेळाचा सराव एकटीला करता येत नाही, आणि चिमीला तर डबल ड्यूटी लागलेली. वहिनींच्या मनात आलं, दुसरं कुणीतरी आहेच की.

"आज एका बाजूनं खेळू या का?" त्यांनी विचारलं. "एक माझा, एक तुमचा."

बॉल घातल्यावरही आता चर्र व्हायला लागलं. वहिनींनी घालायचा, त्यांनी उठायचं. त्यांनी घालायचा, वहिनींनी उठायचं. बॉल बघता बघता टेबलावरून नाहीसे व्हायचे. दोन-तीन दुपारी गेल्यावर वहिनींच्या लक्षात आलं की दाद बंद झालीय. परवा तर आयुष्यातला सगळ्यात देखणा शॉट मारला होता, तरी भिंतीपाशी शांतता.

पार्टनर ठोकत नाही.

त्या रात्री वहिनींना नीट झोप लागली नाही. आपण सरावासाठी म्हणून बोललो. पण समोरच्यानं ते तसंच घेतलं असेल कशावरून?

८

स्पर्धेला हॉल खच्चून भरला. बेकरीवाले आले, डेपोतले ड्रायव्हर आले, टायरवाला दुकान उघडं टाकून आला. नवरा पहिल्या बाकावर होता, त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तो प्रत्येक बॉलला "अरे वा!" म्हणत होता. दोन्ही खुर्च्या भिंतीला सरकवल्या होत्या. रेग्झीनच्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवली, ती खाली पडली. मार्करनी उचलून परत ठेवली, ती परत पडली.

वहिनी आणि चिमी एकेक सामना मारत शेवटच्या सामन्यात गेल्या. समोर दातवाले आणि साडू. डॉक्टर गोड हसले. "डावा हात? वा! कौतुक आहे हं."

तासाभरात त्यांचं हसू मावळलं. डावा हात वाऱ्यासारखा चालत होता. "ए माझी वहिनी!" चिमी दर शॉटला ओरडत होती, आणि डॉक्टरांना नाइलाजानं क्यू आपटावा लागत होता. शेवटी टेबलावर एक पट्ट्याचा बॉल आणि काळा एवढेच उरले. पट्ट्याचा वहिनींचा. तो गेला की काळा चिमीचा, आणि काळा गेला की स्पर्धा यांची.

वहिनींनी पट्ट्याचा घातला. सगळा हॉल ओरडला. त्या ओरडण्यातही त्यांना मागून आलेला एक आवाज स्पष्ट ऐकू आला.

चर्र.

वहिनींचा शॉट झाला होता. पार्टनर उठला होता.

चिमी टेबलावर वाकत होती. तिचा हात कापडावर टेकला, आणि त्या हाताच्या शेजारी, अगदी लगत, कापडाला पहिला खळगा पडला. मग दुसरा. ती लांब बोटं चिमीच्या बोटांकडे सरकत होती. चिमीला पत्ता नाही, ती एका डोळ्यानं काळ्याचा नेम धरत होती.

वहिनी आधी घाबरल्या. आणि मग त्यांना राग आला, असा राग की भीती कुठल्या कुठे पळाली.

"बसा!" त्या गरजल्या. "माझी पार्टनर ही आहे. टर्न हिचा आहे. खाली बसा आधी!"

हॉल चिडीचूप. डॉक्टर शॉट नीट दिसावा म्हणून अर्धवट उठले होते, ते कानकोंडे होऊन मटकन खाली बसले. "सॉरी, सॉरी, वहिनी," ते पुटपुटले.

कापड सपाट झालं. मागे, खूप वेळानं, फुस्स झालं.

चिमीनं काळा घातला.

९

मग काय विचारता! ड्रायव्हरांनी चिमीला उचलायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. नवरा रडला. डॉक्टरांनी दोघींशी हात मिळवला, वहिनींचा डावा हात जरा जास्तच वेळ धरला आणि या वेळी गोड काही बोलले नाहीत. मार्करनी सगळ्यांना खाली चहाला पिटाळलं. "किल्ली आहेच तुमच्याकडे," ते वहिनींना म्हणाले आणि गेले.

हॉलमध्ये दोघीच उरल्या. चिमीचं मन भरलं नव्हतं. तिनं काळा परत होता तिथे ठेवला, पांढरा होता तिथे ठेवला. "एकदाच गं. बघू तर परत जातो का."

"चिमे, चल खाली. चहा गार होईल."

"एकदाच!" आणि तिनं तो पुन्हा घातला, पहिल्यापेक्षाही सुंदर.

ठक् ठक्.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. इतका की त्यांना हसूच आलं. दाद आली होती. म्हणजे ते पुन्हा समोरच्या बाजूचं झालं होतं. रुसवा नाही, काही नाही, रीतीनं आपल्या जागी परत गेलं होतं.

चिमी मात्र इकडेतिकडे बघत होती. "कोण गं? डॉक्टर का? लपून काय ठोकताय?" तिचा आवाज आनंदानं नुसता फुलला होता, आज ती कुणालाही काहीही द्यायला तयार होती. "या की समोर! एक डाव होऊन जाऊ दे. आम्ही दोघी आणि तुम्ही. ब्रेक तुमचा, जा!"

वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत तिचं सगळं बोलून झालं होतं.

चर्र झालं. आणि मग, बाकांच्या ओळीत, दाराजवळ, खिडकीखाली, जिथे रेग्झीन नव्हतं तिथेही, एकामागून एक, कुणी कुणी उठल्याचा आवाज झाला.

वहिनींनी चिमीच्या कमरेला डाव्या हाताचा विळखा घातला आणि तिला ओढून बाकावर आपल्याजवळ बसवलं, अगदी मांडीला मांडी लावून. चिमी अजून हसत होती. टेबलावर बॉल आपोआप मांडले जात होते.

"हलू नकोस," वहिनी तिच्या कानात म्हणाल्या. "टर्न त्यांचा आहे."